जीएसटीच्या दालनात दिलेला जबाब पुढे कुठे जातो?

जालन्यातल्या रोलिंग मिलला भंगार पुरवणारा एखादा व्यापारी डोळ्यांसमोर आणा. ज्याच्याकडून त्याने पूर्वी माल घेतला, त्या पुरवठादाराची जीएसटी नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली आहे. पुरवठादार मुळात बोगसच होता, असं खात्याचं म्हणणं आहे. व्यापाऱ्याला समन्स येतं. तो सीएला फोन करतो. सीए म्हणतो, ‘‘जाऊन या, फार तर क्रेडिट उलटवू.’’ व्यापारी जातो आणि दिवसभर बसून राहतो. संध्याकाळी त्याच्यापुढे टंकलेला जबाब ठेवला जातो. त्यात एक वाक्य असतं : ‘सदर पुरवठादार प्रत्यक्षात अस्तित्वात नसल्याची मला कल्पना होती.’ असं काही तो बोललेला नसतो. पण घरी जायची घाई असते आणि कर भरला की विषय मिटेल असं त्याला वाटत असतं. तो सही करतो.

प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातला धोका काल्पनिक नाही. करापुरतं पाहिलं तर त्या वाक्याची किंमत म्हणजे उलटवलेलं क्रेडिट, व्याज आणि दंड. तेच वाक्य आर्थिक गुन्हे शाखेच्या कागदांत गेलं, की त्यातून फसवणुकीचा हेतू सिद्ध करायचा प्रयत्न होतो. ईडीकडे गेलं, की पैसा गुन्ह्यातून आल्याची जाणीव तुम्हाला होती असं मांडलं जातं. आयकर खात्याकडे गेलं, की ती खरेदीच खोटी ठरवून खर्चाची वजावट नाकारली जाते. एक सही चार कार्यालयांत वापरली जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ निराळा लागतो. म्हणून धंदा करणाऱ्यांना, कंपनीच्या संचालकांना आणि पतसंस्था चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : नियामक खात्यापुढचं पहिलं उत्तर देतानाच ते उद्या फौजदारी कोर्टात वाचलं जाईल, असं धरून चाला. खोटं बोला असं मी सुचवत नाही, तो मार्ग सर्वांत घातक आहे. पण खरं बोलतानाही कोणत्या कलमाखाली, कोणाच्या चौकशीत आणि कोणत्या नात्याने बोलतो आहोत, हे माहीत असायला हवं.

माहितीच्या वाटा

खात्याखात्यांतली देवाणघेवाण चोरून होते असा अनेकांचा समज असतो. तसं नाही, तिला कायद्यानेच वाट करून दिली आहे. १९६१च्या आयकर कायद्यात कलम १३८ याचसाठी होतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाशी आणि जुलै २०२०मध्ये सेबीशी व अप्रत्यक्ष कर मंडळाशी माहितीच्या आदानप्रदानाचे करार केले. त्यामुळे जीएसटी विवरणपत्रातली उलाढाल आणि आयकर विवरणपत्रातली उलाढाल जुळत नसेल, तर ते शोधायला आता कोणाच्या खबरीची गरज उरलेली नाही. कंपनी कायद्याच्या कलम २१२नुसार गंभीर फसवणूक तपास कार्यालयाने एखादं प्रकरण हाती घेतलं, की पोलिसांनी आणि आयकर खात्याने आपल्याकडची माहिती त्यांना द्यायची असते, आणि त्या कार्यालयानेही आपली माहिती इतरांना द्यायची असते.

सर्वांत रुंद वाट मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्यातली आहे. त्याच्या कलम ५४ने अनेक खात्यांच्या अधिकाऱ्यांवर ईडीला मदत करण्याचं बंधन घातलं आहे. कलम ६६नुसार ईडी आपल्याकडची माहिती अधिसूचित संस्थांना देऊ शकते. २०१८मध्ये त्या कलमात एक पोटकलम वाढलं : हाती आलेल्या माहितीवरून दुसऱ्या कुठल्या कायद्याचा भंग दिसत असेल, तर ती माहिती संबंधित यंत्रणेला द्यायलाच हवी. जुलै २०२३मध्ये या संस्थांच्या यादीत जीएसटी नेटवर्कचं नाव आलं आणि बाजारपेठांतून घबराट पसरली. तेव्हा केंद्राने खुलासा केला की ही तरतूद ईडीकडून नेटवर्कला माहिती मिळावी यासाठी आहे. कागदावर तो खुलासा बरोबर आहे. पण कलम ५४ आणि कलम ६६ शेजारी ठेवून वाचली, की वाट दोन्ही बाजूंनी खुली असल्याचं दिसतं.

बँकही या साखळीत आहे. महिन्याभरात दहा लाखांवर रोखीचे व्यवहार झाले, किंवा एखादा व्यवहार संशयास्पद वाटला, तर बँक त्याची माहिती वित्तीय गुप्तवार्ता विभागाला देते. तुम्हाला तसं सांगायला तिला मनाई आहे. ३ मे २०२३च्या अधिसूचनेनंतर सीए आणि कंपनी सेक्रेटरीही, अशिलाच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री, पैशांची व्यवस्था किंवा कंपनीची स्थापना अशी ठराविक कामं करत असतील, तर माहिती कळवण्याच्या बंधनाखाली आले आहेत. नुसतं विवरणपत्र भरून देणं त्यात येत नाही.

मग गोपनीयतेचं काय? जीएसटी कायद्याचं कलम १५८ म्हणतं की करदात्याची माहिती उघड करायची नाही, आणि कलम १३३मध्ये ती जाणूनबुजून फोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. पण कलम १५८मधली अपवादांची यादी मूळ नियमापेक्षा कितीतरी लांब आहे, आणि कुठल्याही कायद्याखालचा फौजदारी खटला हा त्यातला पहिलाच अपवाद आहे. गोपनीयतेचा हा पडदा तुमच्या स्पर्धकापासून तुमचं रक्षण करतो, तपास यंत्रणेपासून करत नाही.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जीएसटी कायद्याचं कलम १३२, म्हणजे करचुकवेगिरी आणि खोट्या बिलांचा गुन्हा, मनी लाँड्रिंग कायद्याच्या अनुसूचीत नाही. म्हणजे केवळ जीएसटीच्या प्रकरणावरून ईडीला थेट येता येत नाही. पण त्याच घटनेवरून पोलिसांत फसवणुकीचा किंवा बनावट दस्तऐवज वापरल्याचा गुन्हा नोंदला गेला, की दार उघडतं, कारण ते गुन्हे अनुसूचीत आहेत. जीएसटीच्या जबाबातली ‘बिल खोटं असल्याचं माहीत होतं’ ही कबुली अशा एफआयआरचा पाया होऊ शकते.

तेच शब्द, पण वजन निराळं

पोलिसाला दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ने ती वर्ज्य केली आहे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सहीसुद्धा घ्यायची नसते. या दोन गोष्टी माहीत असल्यामुळेच लोक फसतात, कारण सरकारी कार्यालयात बोलावून जबाब घेणारा प्रत्येक जण पोलीसच, असं त्यांच्या मनात असतं. कायद्याच्या नजरेत जीएसटीचा, कस्टमचा किंवा ईडीचा अधिकारी पोलीस नाही. त्याच्यापुढच्या जबाबावर सही घेतली जाते, तो शपथेवरच्या साक्षीच्या जोडीला बसतो, आणि तुमच्याविरुद्ध वापरता येतो. ज्याच्याकडे बिनधास्त जातो, त्याच्यापुढचं बोलणं पोलिसापुढच्या बोलण्यापेक्षा जड असतं.

ही गोष्ट आजची नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं की गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. मुंबईचे राजा नारायणलाल बन्सीलाल हे एका कंपनीचे मॅनेजिंग एजंट होते. कंपनी कायद्याखाली नेमलेल्या निरीक्षकाने त्यांना चौकशीसाठी बोलावलं, तेव्हा त्यांनी या कलमाचा आधार घेतला. १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला : निरीक्षक कंपनीच्या कारभाराची चौकशी करतो आहे, त्या टप्प्यावर तुमच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही, म्हणून तुम्ही ‘आरोपी’ नाही. पुढच्याच वर्षी मुंबई राज्य विरुद्ध काथी काळू ओघड या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी तोच धागा पक्का केला. जबाब देतेवेळी तुम्ही आरोपी असाल तरच हे संरक्षण मिळतं, नंतर आरोपी झालात म्हणून आधीचा जबाब पुसला जात नाही. १९६८मध्ये रमेशचंद्र मेहता खटल्यात कस्टमपुढच्या जबाबाबद्दल, २७ जुलै २०२२ला विजय मदनलाल चौधरी खटल्यात ईडीपुढच्या जबाबाबद्दल आणि २७ फेब्रुवारी २०२५ला राधिका अग्रवाल खटल्यात जीएसटी अधिकाऱ्यांबद्दल याच विचाराची री ओढली गेली. अंमली पदार्थांच्या कायद्यात मात्र तोफान सिंग खटल्यात २०२०मध्ये न्यायालयाने उलट निर्णय दिला आणि त्या अधिकाऱ्यांना पोलीसच मानलं.

इतर देशांनी इथे थोडी वेगळी रेघ ओढली आहे. ब्रिटनमध्ये गिनेस कंपनीच्या अर्नेस्ट सॉन्डर्स यांच्याकडून व्यापार खात्याच्या निरीक्षकांनी सक्तीने घेतलेली उत्तरं त्यांच्याविरुद्धच्या फौजदारी खटल्यात वाचली गेली. त्यामुळे खटला न्याय्य राहिला नाही, असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६मध्ये ठरवलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये जार्विस खटल्यात सांगितलं की करतपासणीचा मुख्य रोख फौजदारी जबाबदारी ठरवण्याकडे वळला, की सक्तीने उत्तरं घेण्याचे अधिकार थांबतात. आपल्याकडे ही रेघ नाही. ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ज्या माणसाला ‘उत्तर दिलं नाहीस तर दंड’ असं सांगून बोलतं केलं, त्याचंच उत्तर त्याला तुरुंगात धाडायला वापरणं न्यायाला धरून नाही. पण कायदा बदलेपर्यंत सावध राहायचं ते आपल्यालाच.

समन्स हातात पडल्यावर

सर्वांत आधी ते खरं आहे का, हे पाहा. केंद्रीय जीएसटीच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक हवा किंवा ते पोर्टलवरून आलेलं असेल तर त्याचा संदर्भ क्रमांक हवा, आणि दोन्ही ऑनलाइन तपासता येतात. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने लुटणारे याच खात्यांची नावं घेतात. व्हिडिओ कॉलवरून अटक करणारा कोणताही कायदा या देशात नाही.

मग कलम वाचा. जीएसटी कायद्याचं कलम ७० म्हणजे समन्स, तिथे खोटं बोललात तर खोट्या साक्षीचा गुन्हा लागतो. गैरहजर राहिलात तर पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मनी लाँड्रिंग कायद्याचं कलम ५० म्हणजे ईडी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ची नोटीस आली तर पोलीस तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावतात. कलम ३५(३)ची आली तर संशयित म्हणून बोलावतात. या दोन नोटिसांतला फरक न कळल्यामुळे माणसं वकिलाशिवाय पोहोचतात. कलम १७९खाली बोलावलेल्या स्त्रीला, साठ वर्षांवरच्या व्यक्तीला, अपंगाला किंवा गंभीर आजाऱ्याला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही. घरातल्या आजोबांच्या नावावर फर्म असेल तर हे आवर्जून आठवा.

अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ ऑगस्ट २०२२ला समन्सबाबत काढलेली सूचना तुमच्या वकिलाच्या फाइलमध्ये असायला हवी. तिच्यानुसार अधीक्षकाला समन्स काढण्याआधी वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, पोर्टलवर आधीच असलेल्या कागदांसाठी समन्स काढायचं नाही, आणि कंपनीच्या प्रमुखांना पहिल्याच फटक्यात बोलवायचं नाही. या सूचनेचा आधार घेऊन नम्रपणे लिहिता येतं : ‘हवी असलेली कागदपत्रं पोर्टलवर उपलब्ध आहेत, उर्वरित कागदपत्रं सोबत जोडली आहेत, आणखी काय हवं ते कळवावं.’ पुष्कळ प्रकरणं अशा पत्रव्यवहारातच मार्गी लागतात आणि तोंडी जबाबाची वेळ येत नाही.

जाण्याआधी दुसरीकडे काय चालू आहे याची यादी करा. त्याच पुरवठादाराविरुद्ध पोलिसांत गुन्हा आहे का? तुमचं नाव त्यात आहे का? आयकराची नोटीस आली होती का? तिथे काय उत्तर दिलं होतं? माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. आयकराचं उत्तर एका सल्लागाराने लिहिलेलं, जीएसटीचं दुसऱ्याने, बँकेला पाठवलेलं स्टॉक स्टेटमेंट तिसऱ्याने, आणि तिन्हींत साठ्याचा आकडा वेगळा. एका खात्यापुरतं प्रत्येक उत्तर खपून जातं. ते कागद एकत्र आले, की साध्या निष्काळजीपणालाही लबाडीचा वास येतो. म्हणून सगळ्या खात्यांना गेलेली उत्तरं एकाच माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या.

तुमच्यावर आधीच गुन्हा दाखल असेल, तर जबाब सुरू होण्याआधी तसं लेखी द्या आणि राज्यघटनेच्या कलम २०(३)चा हक्क राखून ठेवत आहोत हे स्पष्ट लिहा. आरोपी असताना मिळणारं संरक्षण खरं आहे. ईडीच्या एका प्रकरणात कोठडीत असलेल्या माणसाने त्याच यंत्रणेला दुसऱ्या प्रकरणात दिलेला कबुलीचा जबाब ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये प्रेम प्रकाश खटल्यात ठरवलं. पण हे संरक्षण मागावं लागतं.

जबाबाच्या खोलीत

वकील सोबत बसून उत्तरं देऊ शकत नाही, हे १९९२च्या पूलपांडी निकालापासून ठरलेलं आहे. मात्र वकिलाने दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसावं, अशी परवानगी न्यायालयांनी अनेकदा दिली आहे. ती आधी लेखी मागा. नाकारली तर नकारही लेखी मागा.

उत्तर देताना तीन प्रकार मनात वेगळे ठेवा : मला प्रत्यक्ष माहीत आहे ते, कागद पाहून सांगता येईल ते, आणि मला माहीत नाही ते. ‘कागद पाहून सात दिवसांत लेखी कळवतो’ हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. लोकांना वाटतं की तत्काळ उत्तर दिलं नाही तर संशय येईल. उलट, घाईत अंदाजाने सांगितलेला आकडा पुढे ‘खोटी माहिती’ म्हणून उभा राहतो. दुसऱ्याच्या मनातलं सांगू नका. ‘पुरवठादार बोगस होता का?’ या प्रश्नाला ‘त्याची नोंदणी व्यवहाराच्या दिवशी पोर्टलवर चालू दिसत होती, त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, माल आला त्याची बिल्टी, ई-वे बिल आणि वजनकाट्याची पावती आहे, पैसे बँकेतून दिले’ असं उत्तर द्या. एवढंच तुम्हाला माहीत आहे.

टंकलेला जबाब शब्दन् शब्द वाचा. भाषा कळत नसेल तर मराठीत समजावून सांगायला सांगा, आणि तसं समजावून सांगितल्याची किंवा न सांगितल्याची नोंद सहीच्या वर स्वतःच्या हाताने करा. चुकीचं वाक्य खोडून बाजूला आद्याक्षरं करा. खोडू देत नसतील तर शेवटी लिहा : ‘अमुक प्रश्नाचं उत्तर मी दिल्याप्रमाणे नोंदलेलं नाही.’ असं लिहिणं सोपं नसतं, समोर बसलेल्या अधिकाऱ्याचा आवाज चढलेला असतो. पण पुढच्या पाच-सात वर्षांचं भवितव्य त्या दोन ओळींवर ठरू शकतं, म्हणून धीर धरा.

रात्र झाली तर थांबायची विनंती लेखी करा. एप्रिल २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका ज्येष्ठ नागरिकाच्या प्रकरणात ईडीने रात्रभर जबाब घेतल्याबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं म्हटलं. त्यानंतर त्याच वर्षी ईडीने अवेळी जबाब न घेण्याबद्दल परिपत्रक काढलं. मुंबईच्या एका खंडपीठाचं हे देणं देशभरातल्या माणसांच्या उपयोगी पडतं आहे.

सक्ती झाली असेल, तर बाहेर आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जबाब मागे घेत असल्याचं पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने वरिष्ठांना पाठवा. काय लिहवून घेतलं, कोणी, किती वाजता, हे त्यात नेमकं सांगा. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणीही त्याच पत्रात करा. परमवीरसिंग सैनी खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांबरोबरच ईडी, डीआरआय, गंभीर फसवणूक तपास कार्यालय अशा चौकशी करणाऱ्या केंद्रीय कार्यालयांतही कॅमेरे बसवायला सांगितलं आहे. जबाब मागे घेतला असेल तर तो स्वेच्छेने दिला होता हे सिद्ध करायची जबाबदारी यंत्रणेवर येते, हे २००८च्या विनोद सोळंकी निकालात आहे. सहा महिन्यांनी, नोटीस आल्यावर, वकिलाने सुचवल्यावर मागे घेतलेल्या जबाबाला मात्र कोर्ट फारशी किंमत देत नाही.

झडतीच्या वेळी ‘आत्ता भरा, नाहीतर अटक’ असं म्हणून डीआरसी-०३ या फॉर्मने, स्वेच्छेने भरल्यासारखा, कर भरायला लावणं हा आणखी एक सापळा. झडतीत वसुली करू नये, असं मंडळाने मे २०२२मध्येच सांगितलं आणि राधिका अग्रवाल निकालानेही बळजबरीचा भरणा अमान्य केला. तो भरणा पुढे ‘यांनी गुन्हा कबूल केला’ म्हणून दाखवला जातो. भरावाच लागला तर ‘हक्क राखून, निषेधासह’ हे शब्द लेखी कळवा. त्याच निकालाने आणखी एक आधार दिला आहे : एफआयआर नसला तरी जीएसटी आणि कस्टमच्या अटकेच्या भीतीने अटकपूर्व जामीन मागता येतो. पाच कोटींवरच्या प्रकरणात गुन्हा अजामीनपात्र होत असल्याने हा सल्ला वेळेवर घ्या.

मोबाइल किंवा सर्व्हर घेऊन जात असतील तर पंचनाम्यात त्याची हॅश व्हॅल्यू नोंदवायला सांगा. तो आकडा म्हणजे त्या माहितीचा ठसा, नंतर एक अक्षर जरी बदललं तरी तो जुळत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात त्याला आता जागा आहे. माहिती तीन कार्यालयांतून फिरणार असेल तर मूळ ठसा तुमच्याकडे असणं फार मोलाचं ठरतं.

पतसंस्था आणि सहकारी संस्था

महाराष्ट्रात या विषयाची सर्वाधिक झळ मला सहकारात दिसते. कारण इथले संचालक शिक्षक असतात, शेतकरी असतात, निवृत्त कारकून असतात. सभेच्या इतिवृत्तावर सही करणं त्यांना शिष्टाचार वाटतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१नुसार हिशेबात गुन्हा घडल्याचं दिसलं, तर लेखापरीक्षकाने निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा असतो आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने स्वतः एफआयआर दाखल करायचा असतो. म्हणजे चहा घेत घेत ज्याच्या शंकांना उत्तरं दिली, तोच उद्या फिर्यादी. ठेवी अडकल्या असतील तर त्यात १९९९चा ठेवीदार हितसंरक्षण कायदाही येतो आणि मालमत्तेवर टाच येते.

संचालकांनी एक सवय लावून घ्यावी. लेखापरीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला मंडळाच्या वतीने लेखी उत्तर द्यावं आणि ते सर्व संचालकांना वाचायला मिळावं. एखाद्या कर्जाला तुमचा विरोध होता तर तो इतिवृत्तात आहे का, हे पुढच्याच सभेत तपासा. नसेल तर पत्राने नोंदवा. कलम ८८च्या चौकशीत कोणाचं किती नुकसान हे ठरतं आणि फौजदारी खटल्यात कोण दोषी हे ठरतं, आणि दोन्ही ठिकाणी तेच इतिवृत्त वाचलं जातं.

दुसऱ्यांची माहिती तुमच्याकडे असते तेव्हा

हॉटेलवाला, शिकवणीचा चालक, पॅथॉलॉजी लॅब, कुरिअरवाला या सर्वांकडे ग्राहकांची माहिती असते आणि ती मागणारा फोन कधीतरी येतोच. ‘साहेबांनी यादी मागितली आहे, व्हॉट्सअ‍ॅप करा.’ अशा वेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खालचा लेखी आदेश मागा. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तो काढता येतो, त्याला फार वेळ लागत नाही. २०२३चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा गुन्ह्याच्या तपासाच्या आड येत नाही, तपासासाठी त्यात सूट आहे. पण तोंडी मागणीवर सरसकट यादी दिली तर ती सूट तुमच्या कामाला येईलच असं नाही. कोणती माहिती, कोणत्या आदेशाने, कोणाला, कधी दिली याची एक नोंदवही ठेवा आणि आदेशात असेल तेवढंच द्या.

जिवाला धोका आहे, मूल हरवलं आहे, अशा वेळी अर्थातच कागदाची वाट पाहू नका. माहिती द्या आणि नोंद नंतर करा.

वकील, सीए आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

सीएला सांगितलेली गोष्ट सुरक्षित असते हा समज काढून टाका. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला साक्ष अधिनियमाच्या कलम १३२चं कवच आहे. सीएला ते नाही, त्याला समन्स काढून विचारता येतं. ३१ ऑक्टोबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने अशिलाच्या प्रकरणात वकिलालाच समन्स पाठवण्याच्या प्रकाराला लगाम घातला, पण कंपनीच्या पगारावर असलेल्या कायदा अधिकाऱ्याला हे पूर्ण कवच मिळणार नाही असंही स्पष्ट केलं. फौजदारी वळण लागण्याची शक्यता दिसली, की चर्चा स्वतंत्र वकिलाबरोबर आणि त्याच्याच मार्फत करा. ‘त्या बिलांचं काय करायचं?’ अशी वाक्यं कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकू नका. टाकलेली असतील तर पुसूही नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे.

चुकीच्या मार्गाने गेलेली माहिती

‘त्यांनी माझी माहिती बेकायदा मिळवली, मग खटला रद्द व्हायला हवा,’ असं अनेक जण म्हणतात. आपल्याकडे तसं होत नाही. १९७३च्या पूरणमल निकालापासून नियम असा आहे की झडती बेकायदा असली तरी हाती लागलेला पुरावा संबंधित असेल तर वापरता येतो. अपवाद आहेत. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकाच्या फोनचं बेकायदा चोरून ऐकलेलं संभाषण नष्ट करायला सांगितलं, आणि त्यामागे २०१७च्या पुट्टस्वामी निकालातला खासगीपणाचा हक्क होता. तरीही सगळी भिस्त या मुद्द्यावर ठेवू नका.

जास्त उपयोगी पडते ती कागदांची मागणी. तुमच्याबद्दल दुसऱ्या खात्याकडून काय आलं ते न दाखवता निर्णय देता येत नाही. सेबीने तपास अहवालातला संबंधित भाग नोटीस मिळालेल्या व्यक्तीला द्यावा, हे २०२२मध्ये टी. टाकानो निकालाने सांगितलं. ज्या साक्षीदाराच्या जबाबावर आदेश उभा आहे त्याची उलटतपासणी नाकारली तर आदेशच टिकत नाही, हे २०१५च्या अंदमान टिंबर निकालात आहे. नोटिशीच्या पहिल्याच उत्तरात या दोन्ही मागण्या करा. जप्त केलेल्या कागदांच्या प्रती मागण्याचा हक्क जीएसटी कायद्याच्या कलम ६७मध्येच आहे.

शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्याविरुद्धची माहिती खात्याखात्यांतून आपोआप फिरते, पण तुमच्या बाजूचा निकाल तसा फिरत नाही. करप्रकरणात अपिलात गुणवत्तेवर सुटलात, व्यवहार खरा ठरला, तर त्याच घटनेवरचा फौजदारी खटला पुढे चालवता येत नाही, असं राधेश्याम केजरीवाल खटल्यात २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. मूळ गुन्ह्यातून निर्दोष सुटलात किंवा तो गुन्हाच रद्द झाला तर मनी लाँड्रिंगचा खटलाही उरत नाही, हे विजय मदनलाल निकालातच आहे. केवळ तांत्रिक कारणाने, मुदत संपली म्हणून सुटलात तर हा आधार मिळत नाही. म्हणून अपिलात मुदतीच्या मुद्द्यावर जिंकता येत असलं तरी व्यवहाराच्या खरेपणावर निष्कर्ष मागा. आदेश हाती आला की त्याच आठवड्यात प्रमाणित प्रत काढा आणि जिथे जिथे तुमच्याविरुद्ध फाइल उघडी आहे, त्या प्रत्येक ठिकाणी, पोलीस ठाण्यापासून बँकेच्या शाखेपर्यंत, पत्रासह देऊन पोच घ्या.